ऑर्लोने मोडलेला नेम

ऑर्लो विट्झेलने आमचा संघ बुडवला, असं कॅरव्हिलमध्ये अजून म्हणतात. जिभेला हाड नसतं, म्हणेनात का! ‘‘मी तिथे होतो,’’ असं म्हणणारे निम्मे तेव्हा पाळण्यात होते.

ऑर्लो म्हणजे आमच्या ‘मिलर्स’ या बेसबॉल संघाची बस चालवणारा, हात चोळून देणारा, टॉवेल धुणारा आणि वेळ पडली तर सँडविचही करणारा. एका कानाने कमी ऐकू यायचं त्याला. पण कुणाचा खांदा दुखतोय हे त्या खेळाडूआधी त्याला कळायचं. ‘‘तू काल कुशीवर झोपलास,’’ असं म्हणून मानगूट धरायचा, की आई आठवायची!

छप्पन सालचा जुलै. संघाला पोसणारा मोठा क्लब हात काढून घेणार, अशी कुणकुण होती. मैदानात दोनशे माणसं जमली तरी आम्ही खूश व्हायचो. त्या शनिवारी मात्र ड्वेन पेटिग्रू चेंडू फेकायला उभा राहिला आणि आठ डाव झाले तरी समोरच्यांना एकही धड फटका मारता आला नाही. डावाला तीन, असे चोवीसच्या चोवीस बाद. आम्ही एका धावेने पुढे. नवव्या, शेवटच्या डावात आणखी तिघे बाद केले की झालं! पेपरात नाव येणार, क्लब विचार बदलणार, संघ वाचणार, असं सगळ्या गावाला वाटत होतं. गावातून माणसं धावत येऊन कुंपणाला लटकली होती.

आता आमच्यातला नेम असा, की असा खेळ रंगला की फेकणाऱ्याशी बोलायचं नाही. जवळ बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. दृष्ट लागते. ड्वेन बाकाच्या त्या टोकाला एकटा आणि आम्ही सगळे या टोकाला, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे.

फेकणाऱ्याने हात गार पडू नये म्हणून भर उन्हातही जाकीट घालायचं असतं. ड्वेनचा उजवा हात बाहीत जाईना. दोनदा प्रयत्न केला त्याने, मग जाकीट खांद्यावर टाकलं आणि डाव्या हाताने पाणी प्यायला.

‘‘त्याचा हात गेलाय,’’ ऑर्लो माझ्याशी पुटपुटला. ‘‘बोटं बघ. पांढरी पडलीत.’’

‘‘गप बस म्हाताऱ्या! तीनच राहिलेत.’’

‘‘तीन माणसं म्हणजे पंधरा वेळा फेकायचं. शाळेत गेला होतास ना?’’

बक हॅलोरन, आमचा मॅनेजर, दातांवर दात रोवून म्हणाला, ‘‘ऑर्लो, त्या टोकाला एक पाऊल टाकलंस तर उद्या बसला दुसरा ड्रायव्हर बघेन.’’

‘‘बघ बाबा. त्याला सांग, दुसरा गिअर लाथ मारल्याशिवाय पडत नाही.’’

आणि उठला की हो! मी त्याचा सदरा धरला, त्याने माझा हात झटकला. ते बाक जेमतेम वीस फूट, पण त्याचं चालणं संपेचना. कुंपणावरच्या लोकांनी पाहिलं आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. तो ड्वेनला खेटून बसला.

‘‘दुखतंय का रे?’’

ड्वेन, बावीस वर्षांचा बाप्या, सगळ्यांदेखत रडायला लागला. ‘‘सहाव्या डावापासून बोटं कळत नाहीत मला.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘कुणाशी बोलू? कुणी बघतच नव्हतं माझ्याकडे.’’

ऑर्लोने त्याला उठवलं आणि तसाच बसमध्ये घालून दवाखान्यात नेला. त्याच्या जागी आलेल्याला दुसऱ्याच चेंडूवर फटका बसला, मागोमाग आणखी बसले आणि आम्ही हरलो. ऑर्लो परतला तेव्हा बसवर बाटल्या फुटल्या. तीन आठवड्यांनी संघाला कुलूप लागलं. संघ आधीच मरायला टेकला होता, पण गावाला खुनी हवा होता.

डॉक्टर म्हणाले, खांद्याखाली रक्ताची गाठ होती. अजून थोडं रेटलं असतं तर हात कापावा लागला असता. ड्वेन पुन्हा कधी खेळला नाही. हात मात्र राहिला. गावी जाऊन सुतारकाम करतो, असं ऐकलं.

ऑर्लोने पुढे एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली. न्हाव्याकडे गेला की कुणीतरी म्हणणारच, ‘‘सांभाळा रे, दृष्ट लावेल!’’ तो नुसता मान पुढे करून केस कापून घ्यायचा. एकदा शेजारच्या खुर्चीत मी होतो. सगळे हसले, मीही हसलो.

मी त्या संघाचा कॅचर. ड्वेनचा प्रत्येक चेंडू माझ्या हातात पडत होता. सहाव्या डावापासून ते मेल्यासारखे येत होते, हे ऑर्लोच्या आधी मला कळलं होतं. मी बोललो नाही.