गादीखालचा आवाज
गच्चीवर नाशिकच्या उन्हात तापलेली गादी खाली आणली, की तिच्या कापसाच्या वासाबरोबर मला एक दुपार आठवते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबा रोज जेवणाआधी संगणकावरच्या 'आई' नावाच्या फोल्डरमधलं तिचं एक रेकॉर्डिंग ऐकायचे. मी मोठ्या हौसेनं घरात सर्व्हर बसवला, त्यावर 'आई' नावाचं नवं फोल्डर केलं आणि ते बाबांच्या त्या जुन्या 'आई' फोल्डरच्याच जागी जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बाबा हळूच म्हणाले, "अरे, आई रिकामी दिसतेय." मी धावत संगणकापाशी गेलो. मशीन प्रत्येक फोल्डरला आतून एक नंबर देतं. जुन्या नोंदीशी ताडून पाहिला, तर नाव तेच आणि नंबर भलताच. म्हणजे ही आई दुसरीच! मग आमची गेली कुठं? वाळलेल्या गाद्या रचता रचता बायको म्हणाली, "अहो इंजिनियर, गादीवर गादी टाकली म्हणून खालची कुठं जाते का?" खरंच की! मी सर्व्हरची जोडणी सोडवली, तर खालचं जुनं फोल्डर जसंच्या तसं समोर आलं. भीत भीत बटण दाबलं. "अहो, चला जेवायला, आमटी निवतेय," आई म्हणाली. आणि बाबा सवयीनं खुर्चीतून उठत म्हणाले, "आलोच." आता बाबाही नाहीत. पण बायकोनं जेवायला हाक मारली, की माझ्या तोंडून अगदी त्यांच्याच सुरात "आलोच" निघतं, आणि ती म्हणते, "ते तर तुमच्या घराण्यात सगळेच म्हणतात. आधी उठा."