एक पेर पाणी

वरच्या मजल्यावरच्या मिस्त्रींना आपण ओळखत होतो, असं टेलर कुणाला छातीठोकपणे सांगू शकणार नाही. शेजार जुना. जिन्यात रोज गाठ पडायची, पण बोलणं म्हणजे ‘काय, निघालात?’ आणि ‘हो, निघालो’ एवढंच. टेलरला मुळात बोलायचाच संकोच. गिऱ्हाइकाला ‘हात वर करा’ म्हणतानाही त्याचा आवाज खाली जायचा. मिस्त्रींबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते सगळं टेपमधून आलेलं. आयुष्यभर रंधा मारल्यामुळे त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरासा खाली. गळा रुंद, हात लांब. त्यांचे सगळे शर्ट त्यानेच शिवले होते. पण शर्ट मनगटाशी संपतो. मनगटाच्या पुढचे मिस्त्री दिसायला वहिनींचं आजारपण यावं लागलं आणि भात बिघडावा लागला.

मिस्त्री म्हणजे सुतार. दारं, खिडक्या, कपाटं करायचे. हाताखालची माणसं त्यांना वचकून असत. माप चुकलं तर ते ओरडायचे नाहीत. ती फळी नुसती उचलून भिंतीला टेकवून ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. घरात मात्र त्यांनी कधी चमचा हलवला नव्हता. स्वयंपाकघरातली फडताळं त्यांच्याच हातची, पण कुठल्या फडताळात काय ठेवलंय ते वहिनींना विचारावं लागे.

वहिनींच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, टाकेही भरत आले, पण भूक गेली ती गेलीच. मुलगी येऊन राहिली. तिची नोकरी आणि पोरं दूरच्या गावी, ती तरी किती राहणार? डोळे पुसत परत गेली. स्वयंपाकाला बाई लावली, तर तेल तापल्याचा वास आला की वहिनींना मळमळायचं. शेजारपाजारचे डबे झाकण न उघडता परत जायचे. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आणि साफ सांगितलं, तोवर वजन आणखी उतरलं तर पुन्हा दाखल करून नाकातून नळीने अन्न द्यावं लागेल.

घरी आल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्या.

“मी तिथे परत जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “नळीबिळी मला नको.”

“मग खाशील काय ते तरी सांग.”

“साधा भात. मी करते तसा. मऊ, पण शीत न् शीत सुटं.”

“तो करणार कोण?”

“तुम्ही. घरात दुसरं आहे कोण?”

हे टेलरला कळलं ते कपड्यांमुळे. मिस्त्री एका संध्याकाळी पिशवीत वहिनींचे गाऊन घेऊन दुकानात आले. “दोन्ही बाजूंनी आत घ्या जरा,” ते म्हणाले. “खांद्यावरून उतरतात.” मग स्टुलावर बसले आणि कधी नव्हे ते बोलले. टेलरने ऐकून घेतलं. धीराचं काही बोलावं असं त्याच्या फार मनात आलं, पण शब्द सुचेनात. रात्री त्याने शिलाया आत घेतल्या. आतलं जादा कापड मात्र कापलं नाही, दुमडून तसंच ठेवलं. कधी सोडायची वेळ आली तर असू दे.

दुसऱ्या दिवसापासून भात सुरू झाला. टेलरचं दुकान खालच्या खोलीत, वरच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्या डोक्यावर. वहिनी आतल्या खोलीतून सांगायच्या, मिस्त्री ओट्याशी उभे राहून विचारायचे, आणि सगळं खाली ऐकू यायचं.

“पाणी किती?”

“तांदळावर एक पेर.”

“एक पेर म्हणजे?”

“अहो, धुतलेल्या तांदळावर बोट टेकवायचं. पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं पाहिजे.”

“रेघेपर्यंत?”

“रेघेपर्यंत. मग झाकण ठेवायचं आणि लांब उभं राहायचं.”

मग झाकणाचा आवाज.

“उघडलंत ना?”

“बघत होतो फक्त.”

“ते काय कपाट आहे, उघडून बघायला? वाफ गेली सगळी.”

भात बिघडला. तांदूळ बाहेरून फुगला, आत कणी तशीच राहिली. मिस्त्रींनी वरून गार पाणी ओतलं, पळीने घोटलं, पुन्हा गॅसवर ठेवलं. मग त्याची खळ झाली. वहिनींनी दोन घास तोंडात फिरवले आणि ताटली बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यांनी झाकण उघडायचं सोडलं, तरी तेच. करपल्याचा वास जिन्यातून खाली उतरायचा आणि टेलर मशीनवर मान खाली घालायचा. त्याला तरी कुठे येत होतं काही? एकटा माणूस, दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवायचा.

एकदा जिन्यातून हाक आली. “टेलर, वर या जरा. चव बघायला माणूस पाहिजे.”

टेलर वर गेला. मिस्त्रींनी त्याच्या हातात वाटी दिली आणि कामावरचा माणूस पाहावा तसे त्याच्याकडे पाहत उभे राहिले. बाहेरून चिखल, आतून खडा. टेलरने कसाबसा गिळला.

“काय म्हणता?”

“गरम आहे,” टेलर म्हणाला.

आतून वहिनींचा आवाज आला. “भावजी, खरं सांगा.”

“वहिनी, गरम आहे एवढं नक्की.”

“बघा. भावजींसारखा भिडस्त माणूससुद्धा याच्यापुढे जाऊ शकत नाही.”

मिस्त्री वैतागले. “माप चुकलेलं नाही. बोट टेकवून रेघेपर्यंत पाणी. ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त.”

“मग तांदूळ खोटं बोलतो का?”

तांदळावर संशय आला, म्हणून तांदूळ बदलला. पातेलं पातळ बुडाचं म्हणून नवीन जाड बुडाचं आणलं. मग गॅसवर खापर फुटलं. शेगडीवाला येऊन शेगडी साफ करून गेला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कुणालाच कळेना. वहिनींचं सांगणंही आता कमी झालं. मिस्त्रींनी विचारलं तर “करा कसंही” म्हणायच्या. ते ऐकलं की खाली टेलरची सुई थांबायची. त्यापेक्षा त्या चिडत होत्या तेच बरं होतं.

डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यावर आली, आणि मिस्त्री तेच गाऊन घेऊन पुन्हा दुकानात उभे राहिले.

“आणखी घ्या,” ते म्हणाले. या वेळी बसले नाहीत.

टेलरने घेतले, आणि द्यायला स्वतःच वर गेला. दार उघडंच होतं. मिस्त्री ओट्याशी होते. नुकते तांदूळ धुऊन त्यांनी पातेल्यात पाणी घातलं होतं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट आत टेकवून, कुठवर भिजलं ते वर धरून पाहत होते. खिडकीचा उजेड थेट त्या हातावर पडला होता. टेलर दारातच थांबला. बोट वाकलंय असं त्याला आधी वाटलं. मग दिसलं, वाकलेलं नव्हतं. त्या बोटाला नखच नव्हतं. वरचं पेर निम्म्यातून गेलं होतं आणि शेंडा कातडी ओढून शिवल्यासारखा गुळगुळीत झाला होता. बोट रेघेपर्यंत ओलं होतं, अगदी बरोबर. पण ती रेघ शेंड्यापासून जेमतेम अर्ध्या पेरावर होती.

टेलरच्या धंद्याची रीत वेगळी होती. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाच्या पाठीला पोक असतं. टेलर ते पाहतो, पण बोलत नाही. गुपचूप कापडात सांभाळून घेतो आणि माणूस सरळ दिसला म्हणजे झालं. या रीतीवर त्याचा सगळा जन्म गेला होता. पण इथे कापड नव्हतं. आणि मिस्त्री झाकण ठेवायच्या बेतात होते.

“मिस्त्री,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा खाली गेला, म्हणून त्याने पुन्हा हाक मारली. “मिस्त्री, दुसरं बोट घालून बघा.”

“दुसरं कशाला?”

“असंच. डाव्या हाताचं.”

मिस्त्रींनी त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण डावं बोट टेकवलं. पाणी नखाच्या मुळाशी येऊन थांबलं. रेघ वर कोरडीच राहिली. त्यांनी ते बोट काढलं, उजवं घातलं. उजवं काढलं, डावं घातलं. मग दोन्ही बोटं डोळ्यांसमोर शेजारी शेजारी धरली, दोन फळ्या जुळवून पाहाव्यात तशी.

“अगं,” त्यांनी हाक मारली.

“काय झालं आता?”

“माझं बोट आखूड आहे.”

“कुठलं?”

“उजवं. करवतीत गेलेलं.”

“ते होय? ते तर लग्नाच्या आधीचंच आहे.”

“हो. पण पाणी मी त्यानंच मोजतोय.”

आतून एक विचित्र आवाज आला. वहिनी रडायला लागल्या असं टेलरला वाटलं. पण त्या हसत होत्या. पोटावर उशी दाबून, थांबत थांबत हसत होत्या.

“हसवू नका हो,” त्या म्हणाल्या. “टाके ओढतात. शेगडीवाला बोलावला, पातेलं आणलं, आणि बोट...”

“कामावर लक्षात असतं,” मिस्त्री ओशाळून म्हणाले. “तिथे पट्टी असते. घरात कोण लक्षात ठेवतं?”

“माझ्यासुद्धा नाही आलं लक्षात. इतकी वर्षं तो हात बघतेय मी. तुम्हाला कसं दिसलं, भावजी?”

“उजेड होता,” टेलर म्हणाला.

मिस्त्रींनी डाव्या बोटाच्या रेघेपर्यंत पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पाणी उकळलं, आवाज हळूहळू बारीक झाला. आतून वहिनींनी विचारलं, “खदखद थांबली का?”

“थांबली.”

“गॅस बंद करा. आता वाफेवर राहू द्या. हात लावाल तर बघा.”

“नाही लावत.”

“भावजी, तुम्ही लक्ष ठेवा त्यांच्यावर.”

टेलर गाऊन हातात धरून लक्ष ठेवत राहिला. जन्मात कुणी त्याला असलं काम सांगितलं नव्हतं. शेवटी वहिनींनीच “काढा” म्हणून सांगितलं. झाकण उचललं तेव्हा भात पातेल्यात वरपर्यंत आला होता, शितं उभी होती. मिस्त्रींनी एक शीत चिमटीत धरून दाबलं. कणी नव्हती. त्यांनी टेलरला दाखवलं, टेलरने मान हलवली. मिठाची चिमूट घालून ते ताटली आत घेऊन गेले.

टेलरला जाताही येईना, आत शिरताही येईना. तो ओट्याशी उभा राहून कान देत होता. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग बराच वेळ येत राहिला.

मग वहिनी म्हणाल्या, “आणखी आहे का?”

मिस्त्री बोलायच्या आधीच टेलरने पातेल्यात पाहिलं आणि तो स्वयंपाकघरातूनच, बऱ्यापैकी मोठ्यांदा म्हणाला, “आहे, वहिनी. पुष्कळ आहे.”

डॉक्टरांकडून परत आले त्या दिवशी मिस्त्री दुकानाच्या दारात थांबले. “नळी नाही,” एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. टेलरने हातातलं काम ठेवलं आणि खाणावळीत जाऊन भरपूर जेवला. इतके दिवस आपणही अर्धपोटी उठत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

पुढे गाऊन एकेक करून परत खाली आले. टेलरने आतल्या शिलाया उसवल्या. दुमडून ठेवलेलं कापड जिथल्या तिथे होतं. तेवढ्या पट्टीचा रंग बाकी कापडापेक्षा नवा दिसायचा. वहिनींना ते खटकेल असं त्याला वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, “असू दे, भावजी. वाढलेलं दिसायलाच पाहिजे.”

वहिनी हिंडूफिरू लागल्या तरी भात मिस्त्रींकडेच राहिला. आता येतोय तर सोडायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. वहिनींच्या बोटाच्या मापाने त्यांनी लाकडाची एक बारीक कांडी तासली, रेघेच्या जागी खाच पाडली आणि ओट्यावर खिळ्याला टांगली. वहिनी त्यावरून चिडवायच्या, “आधी माझं बोट पुरायचं. आता बोटाला सुतारकाम लागतं.” ती कांडी त्यांनी फार वापरली नाही. डावं बोट पुरे होतं. पण कुणी पाहुणा आला की ती खिळ्यावरून काढून दाखवायचे.

टेलरशी बोलणं मात्र वाढलं असं नाही. जिन्यात गाठ पडायची, ‘निघालात?’ आणि ‘निघालो’. एवढाच फरक की मिस्त्री आता जाता जाता उजव्या हाताचं ते आखूड बोट वर करायचे, आणि टेलर मान हलवायचा.

काही वर्षांनी मिस्त्री गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. आदल्या संध्याकाळी टेलर दुकान बंद करत होता. मिस्त्री तांदळाची पिशवी घेऊन जिन्याशी थांबले होते.

“नेहमीपेक्षा जास्त आणलेत,” टेलर म्हणाला. “पाहुणे आहेत का?”

“छे. तिला हल्ली भूक फार लागते.”

“मग चला लवकर.”

“चाललो. आज वर येता का जेवायला?”

“आज नको. उद्या बघू.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले. “उद्या वाटीभर जास्त लावतो.”