आडुतुरैला गेलेली पाट्टी

मेलकावेरीतल्या एका शाळेत दर शुक्रवारी शेवटचा तास माझा. कथेचा. तंजावरचे मराठे राजे, त्यांच्या मागोमाग इथवर आलेले आमचे लोक, शिवाय सत्य, दया वगैरे मी तमिळमधून सांगतो आणि मधूनच एखादी मराठी साकी गातो. मला ताता, म्हणजे आजोबा, म्हणणाऱ्या या मुलांना अर्थ कळत नाही, चाल आवडते. माझी बायको शेजारी बसून टाळ वाजवायची. मी भरकटलो की ती लय वाढवायची, मग मी निमूट गोष्टीवर यायचो.

आडी महिन्यात, आपल्या आषाढाच्या सुमारास, ती वारली. दोन महिन्यांनी मी एकटाच शाळेत गेलो. पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, टाळवाली पाट्टी कुठे आहे? त्या दिवशी कथा होती सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची, आणि मी बेधडक सांगितलं की आजी आडुतुरैला बहिणीकडे गेलीय.

मग दर शुक्रवारी तोच प्रश्न आणि माझी नवी थाप. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग भाचीचं बाळंतपण आलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि बाहेर तिचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे. इथे मात्र कुणीतरी तिची चौकशी करायचं. तेवढा वेळ ती खरोखरच आडुतुरैला भाचीच्या बाळाला न्हाऊ घालत असायची.

पोंगलच्या सुट्टीनंतर पुन्हा त्याच राजाची पाळी आली. राजा स्मशानात उभा राहिला आणि मला माझीच लाज वाटली. कथा तिथेच थांबवून मी सांगून टाकलं की पाट्टी केव्हाच वारली, मी तुमच्याशी खोटं बोललो.

पुढच्या ओळीतली तीच मुलगी उठली.

"ताता, आम्हाला माहीत होतं. टीचरनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग दर वेळी विचारायचात कशाला?"

"पाट्टीचं काही सांगितलंत ना, की त्या दिवशी कथा चांगली व्हायची."

कशीबशी कथा संपवली. घरी चालत येताना वाटलं, चला, एकदाचा सुटलो.

पुढच्या शुक्रवारी चटईवर बसलो आणि उगाच जरा थांबलो. मुलं हाताची घडी घालून गोष्टीची वाट बघत होती. कुणीच काही विचारलं नाही.