वाकलेली तुळई
सोलापुरात जुनं घर पाडताना धूळ बसावी म्हणून पाणी मारतात, तेव्हा पांढऱ्या मातीचा वास उठतो, आणि मला करकंबजवळचं ते माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर आठवतं. घराचे मालक जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलाला माळवदावर स्लॅबची खोली चढवायची होती, म्हणून इंजिनिअर या नात्यानं मला बोलावलं होतं. स्वयंपाकघरातली जाड सागवानी तुळई मधोमध खाली झुकली होती. छत गळू नये म्हणून मालकांनी दर उन्हाळ्यात वर नवी माती पसरली होती, पण जुनी कधीच काढली नव्हती. गुडघ्याएवढा थर साचला होता. "स्लॅबचं सोडा, आधी ही माती उतरवा, नाहीतर छत अंगावर येईल," मी म्हणालो. "वरचा थर ह्यांच्या हातचा हाय," मुलाची आई म्हणाली, आणि मग तिनं होकारार्थी मान हलवली. दिवसभर मातीच्या पाट्या खाली येत राहिल्या. संध्याकाळी छत मोकळं झालं, तेव्हा ती चुलीपाशी उभी राहून वर बघत होती. "सायेब, वजन तर समदं गेलं की. मग ही सरळ का हुईना?" वर्षानुवर्षं ओझ्याखाली राहिलेलं लाकूड ओझं काढलं तरी पुन्हा उठत नाही. हल्ली साइटवर कुणी विचारलं, तर मी हे चटकन सांगून मोकळा होतो. तिला मात्र म्हणालो, "थोडा वेळ लागेल, मावशी."