मिठाशेजारचा सायलेन्सर

"कान दोनच मिळतात. तिसरा कुठल्या दुकानात मिळत नाही," असं म्हणून मावशी दोन बोटांनी स्वतःच्या कानाच्या पाळीवर टिचकी मारत. हे त्या डॉक्टरला सांगत, टपाल टाकायला येणाऱ्या बाईला सांगत, आणि घर बघायला आलेल्या मलाही त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. मला वाटलं, बाईंना वरच्या मजल्यावर गोंगाट चालत नसावा. मी लगेच म्हणालो, "आम्ही दोघंच आहोत, अगदी शांत."

"शांत माणसांचं मला कौतुक नाही," मावशी म्हणाल्या. "ऐकणारी हवीत."

जर्मनीत भाड्यानं घर मिळवणं म्हणजे काय, हे इथं राहिलेल्यांना सांगायला नको आणि न राहिलेल्यांना पटायचं नाही. पगाराच्या तीन चिठ्ठ्या, आधीच्या मालकाचं प्रशस्तिपत्र, बँकेचा दाखला आणि चेहऱ्यावर नम्र हसू, असा सगळा जामानिमा घेऊन मी न्युरेम्बर्गपासून अर्ध्या तासावरच्या त्या खेड्यात गेलो होतो. मावशींनी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्या मूळच्या मिरजेच्या. पस्तीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आल्या आणि जमीन मोजणीच्या खात्यातल्या एका जर्मन माणसाशी लग्न करून इथंच राहिल्या. ते गृहस्थ, म्हणजे आमचे काका, टेबलाशी बसून ब्रेडला लोणी लावत होते. त्यांच्यासमोर मिठाची बाटली होती आणि मिठाशेजारी वीतभर लांबीचं एक काळं नळकांडं उभं होतं.

"थर्मास छान आहे," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"थर्मास नाही तो. शिकारीच्या रायफलला लावायचा सायलेन्सर आहे."

माझा चेहरा बघून त्यांनी पुढं जोडलं, "घाबरू नकोस. कचरा नीट वेगळा करणाऱ्यांना आम्ही काही करत नाही."

आम्ही ते घर घेतलं. दुसरं मिळत नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

काकांच्या घरात तीन पिढ्यांची शिकार. इथं गावच्या शिवारात शिकार करायचा हक्क पाचसहा जण मिळून घेतात, आणि रानडुकरं मका फस्त करणार नाहीत, हरणं नवी रोपं खाणार नाहीत, हे बघणं त्यांच्या गळ्यात पडतं. काकांनी हे काम चाळीस वर्षं कानात कापसाचा बोळाही न घालता केलं. उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण नळीच्या तोंडाकडे तोच असतो. काकांचा डावा पूर्ण गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. कानाचं यंत्र वाढदिवसाला मिळालेल्या टायसारखं ड्रॉवरमध्ये पडून असे.

मावशी त्यांना लग्नापासून 'अहो' म्हणत. पहिलं वर्षभर काकांना वाटलं, हे मराठीतलं 'लाडक्या' असणार. खरं कळल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. गावातले शिकारी दोस्तही त्यांना अहो म्हणूनच हाक मारत. आम्ही राहायला गेलो तेव्हा मावशींना ती हाक तीनदा मारावी लागे. तिसरी हाक वरच्या मजल्यापर्यंत येई. दोनदा तर मीच 'ओ' दिली.

काकांना जंगलात पानांची सळसळ ऐकू येईना, तेव्हा मावशींनी बावन्नाव्या वर्षी शिकारीची परीक्षा दिली. ही परीक्षा म्हणजे साधा प्रकार नव्हे. झाडं, रोग, कायदे, हरणाच्या दातांवरून त्याचं वय, सगळं तोंडपाठ करावं लागतं. इथल्या नागरिकत्वाची परीक्षा त्यापुढं बालवाडी आहे. मावशी पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि मचाणावर काकांच्या डाव्या हाताला जाऊन बसू लागल्या. "त्यांना डोळे आहेत, मला कान," त्या म्हणायच्या. "दोघांचा मिळून एक शिकारी होतो. तोही फार मोठा नाही."

आता लाकडाच्या खोक्याएवढ्या मचाणात शेजारी रायफल उडाली की काय होतं, ते तुम्हीच ताडा. म्हणून तो सायलेन्सर. पण तो बसवायचा तर नळीच्या तोंडाशी आटे पाडावे लागतात, आणि रायफल होती काकांच्या वडिलांची. काकांची बाजू तीन मुद्द्यांची होती. एक, सायलेन्सर चोरटे शिकारी लावतात. दोन, वडिलांच्या रायफलला कानस लागणार नाही. आणि तीन, "मला तसंही ऐकू येत नाही, मग आवाज कमी करून फायदा काय?" मी व्यवसायानं सॉफ्टवेअरमधला माणूस. या तिसऱ्या मुद्द्यात मला आजवर बग सापडलेला नाही.

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या परवान्यावर सायलेन्सर विकत घेतला आणि 'वाफेनबेझिट्सकार्टे' नावाच्या शस्त्रांच्या कार्डावर त्याची नोंद केली. एवढं लांब नाव असलेलं कार्ड खिशात असल्यावर माणसाला शस्त्राची गरज का पडावी, हे एक कोडंच आहे. मग रोज जेवणाच्या वेळी त्या तिजोरी उघडत, सायलेन्सर मिठाशेजारी ठेवत, आणि जेवण झालं की परत कुलपात ठेवत, कारण कायदा म्हणजे कायदा. आठ महिने हे चाललं. काका मीठ घेत आणि शेजारी बघत नसत. आपल्याकडे लोक सायलेन्सर काढून बुलेट फिरवतात, तेही जरा बरं वाटावं असा हा संसार होता.

मे महिन्यात हरणांच्या नरांची शिकार सुरू होते. त्या मोसमातल्या पहिल्याच संध्याकाळी मावशींनी काकांसाठी कानोसा घ्यायचा म्हणून उजव्या कानावरचं संरक्षण बाजूला सरकवलं होतं. गोळी झाडण्याआधी काकांनी त्यांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटायचं, असा दोघांचा ठराव होता. त्या दिवशी हरीण झाडीत शिरायला निघालं आणि काका थोपटायचं विसरले.

मावशींच्या कानात तीन दिवस शिट्टी वाजत होती. जुन्या हॉस्पिटलातल्या ओळखीनं तपासणी लवकर झाली, नाहीतर इथं कानाच्या डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत माणूस खुणांची भाषा शिकून घेतो. डॉक्टर म्हणाला, बारीक, उंच आवाज या कानाला आता ऐकू येणार नाहीत, आणि डाव्याचे वयानं आधीच गेलेत. घरी येऊन मावशी काकांना काहीच बोलल्या नाहीत. एरवी चहात साखर कमी पडली तरी दोन दिवस टोमणे मारणारी बाई. माझी बायको म्हणाली, "हे काही बरं लक्षण नाही."

आठवड्याभरानं दुपारी आमच्या जिन्यात धूर आला आणि खालचा धुराचा भोंगा कोकलू लागला. मी धावत गेलो. स्वयंपाकघरात काका पेपर वाचत होते. मावशी त्यांच्यासमोर, शेगडीकडे पाठ करून, मटार सोलत होत्या. कुकर केव्हाचा शिट्ट्या मारून थकला होता आणि आतली डाळ कोळसा झाली होती. डोक्यावर भोंगा बोंबलत होता आणि दोघं एखाद्या बागेत बसल्यासारखी निवांत होती.

मी गॅस बंद केला. मावशींनी मान वळवून धूर पाहिला. मग काकांनी पेपर खाली ठेवून मावशींकडे पाहिलं. आधी कुकरकडे, मग भोंग्याकडे, मग परत मावशींकडे. हिशेब त्यांना कळला. जमीन मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस, एवढं अंतर त्यांना मोजता आलं.

दुसऱ्या दिवशी ते वर आले. "गुरुवारी वेळ आहे? माझी गाडी तपासणीला गेलीये. आणि तिला सांगू नकोस." हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की गावात सांगायचं फक्त मावशींनाच राहिलं असावं. पण मावशी खरंच बाजारात गेल्या होत्या.

शेजारच्या गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे मी त्यांना नेलं. त्या माणसानं रायफल बघितली, मग काकांना बघितलं. "आटे पाडायचे? गेली किती वर्षं तुम्ही याच दुकानात उभं राहून सायलेन्सर घेणाऱ्यांना हसताय."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', काका म्हणाले.

"मग आता काय झालं?"

"तिला ऐकू आलं नाही, तर मला कोण सांगणार?"

बहिऱ्या माणसाचं गुपित असतं तसं हे सगळ्या दुकानानं ऐकलं. चाकू निवडत असलेले दोन शिकारी उगाचच पाती निरखू लागले.

रायफलवरची दुर्बीण नीट करायला दिलीये, असं काकांनी घरी सांगितलं होतं. काही आठवड्यांनी रायफल परत आली. त्या संध्याकाळी मावशींनी सवयीनं तिजोरी उघडली, नळीचं तोंड पाहिलं, आणि सायलेन्सर टेबलावर न आणताच वाढायला घेतलं. माझ्या बायकोला त्या नंतर म्हणाल्या, "एवढ्यासाठी माझा एक कान खर्ची पडला बघ. स्वस्तातच सुटले." आणि हसल्या. मग पदराची सवय नसलेल्या बाईनं टीशर्टच्या बाहीला डोळे पुसले.

धर्म बदललेला माणूस जास्त कडवा असतो म्हणतात. काका तसे झाले. सायलेन्सर तापला की समोरची हवा थरथरते म्हणून त्याला रबरी बंडी आली. मग चेन उघडताना आवाज न करणारं जाकीट, पाचोळ्यावर न वाजणारे बूट, बारीक आवाज वाढवणारं आणि मोठा दाबणारं कानाचं संरक्षण, तीन पायांची टेकणकाठी, प्राण्याच्या अंगची उष्णता दाखवणारी दुर्बीण. दोस्त आधी सायलेन्सरला 'बायकी थर्मास' म्हणून हसले, आणि वर्षभरात प्रत्येकाच्या नळीवर एकेक थर्मास चढला. त्या शिवारात हरणांपेक्षा दुर्बिणी जास्त झाल्या. "आता हरणांपर्यंत फक्त तुमचा खोकला पोचतो," मावशी काकांना म्हणाल्या. "त्यालाही काही लावायला मिळतं का बघा."

आमच्या मराठी मंडळाला मात्र मावशींचा फार त्रास. मंडळी अहिंसक, म्हणजे सुपरमार्केटात तुकडे करून पाकिटात भरलेलं तेवढंच खाणारी. गणपतीच्या जेवणात पुण्याच्या एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, हरणाला मारताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," मावशी म्हणाल्या. "म्हणून एका गोळीत. तुम्हाला कोंबडीचं पाकीट निवडताना किती वेळा वाटतं?"

त्याच गृहस्थांच्या पत्नीनं निघताना हळूच डबा पुढं केला. कांदालसूण मसाल्यातला हरणाचा रस्सा मावशींइतका चांगला बव्हेरियात कुणी करत नव्हतं, आणि पाप डब्यातून नेलं की मोजलं जात नाही.

आमच्या तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात काकांचं हृदय थांबलं. दवाखान्यात दोन दिवस, बस. दफनाच्या वेळी दोस्तांनी हिरव्या कोटात ओळीनं उभं राहून शिकारीचे कर्णे वाजवले. मावशी माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "केवढ्यानं वाजवतायत. आता तरी ऐकू जाईल." आणि माझा दंड त्यांनी जो धरला, तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

सगळ्यांना वाटलं, बाई आता रायफल विकतील. मे उजाडला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "संध्याकाळी शेजारी बसायला ये. बोलायचं नाही, हलायचं नाही. ऑफिसात बसतोस तसा बस."

मी मचाणावर त्यांच्या उजव्या हाताला, काकांच्या जागेवर बसलो. ऊन उतरत होतं. तासभर काही नाही. मग मावशींनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, डावीकडून येतोय. थांबा."

मी थांबलो. त्याही थांबल्या. मान समोरच ठेवून बराच वेळ बसल्या. हरीण खरंच डावीकडून कुरणात आलं. मावशींनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं.

सिनेमात ऐकतो तसा 'फुस्स' आवाज होईल, असं मला वाटलं होतं. जड फळी जमिनीवर आपटावी तसा आवाज झाला. हरीण जागच्या जागी बसलं. खाली उतरल्यावर मावशींनी बीच नावाच्या झाडाची एक हिरवी डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, इथली रीत. गुडघ्यावर बसून त्या त्याच्या मानेवरचे केस सरळ करत राहिल्या. मग मला विचारलं, "तुझे कान ठीक आहेत?"

"हो."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

मावशींनी तो एक मोसम केला. मिरजेला थोरली बहीण अंथरुणाला खिळली आणि त्यांनी जायचं ठरवलं. रायफल पलीकडच्या गावातल्या एका जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी घेतली. सायलेन्सर वापरल्यावर लगेच काढून वाळवायचा, ओला तिजोरीत ठेवायचा नाही, हे मावशींनी तिला चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा तिच्याकडून म्हणवून घेतलं. हिरवे कोट दोस्तांच्या बायकांना दिले. जाण्याआधी आमच्याकडे जेवल्या आणि माझ्या बायकोच्या आमटीला चांगली म्हणाल्या. ती आमटी चांगली नव्हती.

सकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडलं. म्युनिकची गाडी वेळेवर आली, हे त्यातल्या त्यात नवल. बॅगा आत चढवून मी खाली उतरलो आणि दारं बंद झाली. खिडकीशी उभ्या राहून मावशी काहीतरी म्हणाल्या. चांगली दोन वाक्यं, हातवारे करत. काचेतून मला काही ऐकू आलं नाही. मी हसून मान डोलावली.

पुढं वर्षभर फोनवर आम्ही खूप बोललो. बहिणीच्या औषधांबद्दल, मिरजेच्या उन्हाबद्दल, आमच्या नव्या घरमालकाबद्दल. त्या दिवशी खिडकीतून काय म्हणालात, हे विचारायचं दर वेळी राहून जाई. मग एका सकाळी त्यांच्या नंबरवरून त्यांच्या भाचीचा फोन आला.