मोठीलीग आणि उणेएक

बानी गावात आईबापांनी ठेवलेलं नाव बाप्तिस्म्याला आणि मतदानाला तेवढं लागतं. बाकीचा जन्म माणूस गल्लीने दिलेल्या नावावर काढतो. पोलोच्या दुकानासमोर डोमिनो खेळायला बसणाऱ्यांत एक ‘कढई’ होता, एक ‘बिशप’ होता आणि एक ‘अर्धाकान’ होता. ही नावं नेमकं कोण ठेवतं ते कुणालाच सांगता येत नाही. पडलं की पडलं. त्यातून सुटायचा एकच मार्ग, चिडायचं नाही. चिडणाऱ्याला त्याचं नाव थडग्यापर्यंत पोचवून येतं.

तेओदुलो पारेदेसचं नशीब या बाबतीत चांगलं होतं. त्याला गल्ली ‘मोठीलीग’ म्हणायची. उत्तरेला जाऊन मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळून आलेला अख्ख्या गल्लीत तो एकटाच. त्याचा बाप मिठागरावर राबायचा. पोरगा मात्र दुसऱ्या बेसवर असा काही वाकायचा, की जमिनीलगत आलेला चेंडू त्याच्या हातमोज्यात आपणहून शिरतोय असं वाटावं. उत्तरेतल्या लहान लहान गावांत त्याने कितीतरी वर्षं काढली. थंडी इतकी, की सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची पानं कोंबून मैदानात उतरायचा. मग मोठ्या लीगमध्ये दीड हंगाम मिळाला. तिथला व्यवस्थापक तंबाखू चघळणारा, तुटक बोलणारा माणूस. सामना अडला की तो बाकावर बसलेल्या तेओदुलोकडे बघायचा आणि म्हणायचा, “तेओ, ठेव.”

ठेव म्हणजे चेंडू मारायचा नाही. बॅट आडवी धरून तो नुसता समोरच्या गवतात सोडायचा. मारणारा स्वतः बाद होतो, पण पहिल्या बेसवर थांबलेला आपला गडी तेवढ्यात पळत दुसऱ्या बेसवर पोचतो. स्वतःचा बळी देणं म्हणतात त्याला. तेओदुलो बळी द्यायचा आणि मान खाली घालून परत यायचा. बाकावरचे सगळे त्याच्या डोक्यावरच्या टोपावर थापा मारायचे. त्या थापांचा आवाज त्याला म्हातारपणीही ऐकू यायचा.

मग गुडघा गेला. घरी आल्यावर तो हिवाळी लीगमध्ये खेळला, पुढे बर्फाच्या कारखान्याचा ट्रक चालवला, मिर्ताशी लग्न केलं, मुली वाढवून परदेशी पाठवल्या. पण नाव तेच राहिलं. बसमध्ये कुणीतरी उठून म्हणायचं, “मोठीलीग, बस इथे.” न्हाव्याकडे त्याचा नंबर आधी लागायचा. एवढं पुरतं माणसाला. त्याला तरी पुरत होतं.

पोलोचा मेहुणा विल्किन न्यू जर्सीहून परत आला तेव्हापासून हे सगळं बिघडलं. विल्किन वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, गोलमटोल, हातात सतत फोन. रविवारी दुकानासमोर बेसबॉलचे प्रश्न विचारायचा खेळ त्याने सुरू केला. हरणाऱ्याने सगळ्यांना थंडगार बिअर पाजायची.

“आपल्या प्रांतातून गेलेल्या खेळाडूंत कारकिर्दीची किंमत सगळ्यांत जास्त कुणाची?” एका रविवारी त्याने विचारलं.

“किंमत म्हणजे पगार का?” बिशप म्हणाला.

“पगार नाही रे. समज, तुझ्या जागी बाजारातून हाताला लागेल तो माणूस उचलून आणला. त्याच्यापेक्षा तू संघाला किती सामने जास्त जिंकून दिलेस? तो आकडा. आता जुन्यातल्या जुन्या खेळाडूचाही काढतात.”

“माझ्या जागी कुणीही उचलून आणला तर माझी बायको चर्चमध्ये मेणबत्त्या लावेल,” कढई म्हणाला.

हसणं झालं, एका जुन्या गोलंदाजाचं नाव निघालं, त्यावर वाद झाला. कुणाचा आकडा तीस निघाला, कुणाचा चार. तेओदुलो खुर्ची पुढे ओढून ऐकत होता. मजा येत होती त्याला. त्यानेच म्हटलं, “माझा बघ बरं.”

विल्किनने बघितलं आणि फोन खिशात घातला. “राहू दे काका, ह्यात काही खरं नसतं.”

“बघ म्हटलं ना. लाजतोस कशाला?”

“उणे एक,” विल्किन हळूच म्हणाला. “उणे एक पूर्णांक एक.”

मग बिशपने बोटांवर काहीतरी मांडल्यासारखं केलं. “म्हणजे हा नसता आणि कुणीही असता, तर संघ...”

“एक सामना जास्त जिंकला असता.”

“अरे देवा!” कढईने गुडघ्यावर थाप मारली. “मोठीलीग, तुझ्याऐवजी माझी सासू पाठवली असती तरी चाललं असतं की! ती निदान चेंडूला घाबरवून तरी टाकते.”

तेओदुलोने हसायला हवं होतं. एक घोट घेऊन “तुझी सासू माझ्यापेक्षा जोरात पळते, मान्य आहे,” एवढं म्हणाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो उठला, डोमिनोचं टेबल त्याच्या मांडीला लागून कलंडलं, सोंगट्या रस्त्यावर घरंगळल्या, आणि तो ओरडला, “तुमच्यातला एक तरी गेलाय का तिथे? एक तरी?” आणि लंगडत घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दाढी करता करता न्हाव्याने विचारलं, “काय उणेएक, केसही कापू का?”

झालं. तो खुर्चीतून अर्धी दाढी झालेली असताना उठला. अर्ध्या दाढीने गल्लीतून जाताना सगळ्यांनी पाहिलं, आणि ते नाव खिळ्यासारखं आत बसलं.

पोलो त्याच्या मोठ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना ‘कोंपाद्रे’ म्हणायचे. तो रात्री घरी आला. “कोंपाद्रे, चिडू नकोस. चिडलास की गेलास.”

“मी चिडलेलो नाही!”

“दिसतंय.”

“त्या बिशपला विचार, तो कुठल्या चर्चचा बिशप आहे? त्याला कुणी पुरावा मागतं का? आणि माझ्या मागे आकडा घेऊन लागलेत!”

“तो चिडत नाही ना,” पोलो म्हणाला. याचा तेओदुलोला आणखी राग आला.

मिर्ता आतून म्हणाली, “मी तर तुला तेओदुलोच म्हणते. तेवढं नाही का पुरत?” तिला दमा होता. एवढं वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. खरं तर त्याला नव्हतं पुरत.

त्याने मनाशी ठरवलं, या नावाला ओ द्यायची नाही. आणि ते आपल्या जिभेवर कधी आणायचं नाही. हाक आली की तो भिंतीकडे बघायचा. बसमध्ये कुणी “उणेएक, ये बस” म्हणालं, तर दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहायचा. त्याला वाटायचं, आपण ओ दिली नाही तर नाव उपाशी मरेल. पण नावाला खायला गल्लीच घालत होती.

त्यातच उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या येरालने मोठ्या लीगच्या एका संघाबरोबर करार केला. उंच, तगडा गोलंदाज, बापाला नवीन गाडी घेऊन दिली. आठवड्याभरात लोक त्याला मोठीलीग म्हणायला लागले. कुणी तेओदुलोला विचारलंसुद्धा नाही. जुना सदरा शेजारच्याच्या दोरीवर वाळत घातलेला दिसावा तसं त्याला झालं.

मग अर्धाकान गेला. बानीत माणूस गेला की भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीतून फिरते. ती दारावरून गेली. “आपल्या सर्वांना अर्धाकान म्हणून परिचित असलेले...” त्याचं खरं नाव नंतर आलं, आणि तेओदुलोला ते ओळखूच आलं नाही. इतकी वर्षं समोरासमोर सोंगट्या टाकल्या त्या माणसाचं नाव क्लेओफास होतं! गाडी वळेपर्यंत तो ओट्यावर उभा राहिला. उद्या हीच गाडी आपलं नाव घेऊन फिरेल. मिर्ता खिडकीत बसून ऐकेल. उणेएक. आयुष्यभराचा हिशेब शून्याच्याही खाली.

त्याच संध्याकाळी त्याने विल्किनला दुकानामागे गाठलं.

“तुझ्या त्या आकड्यात बळी मोजतात का?”

“कसला बळी?”

“चेंडू ठेवायचा. मला त्यासाठीच पाठवायचे. मारायला नाही, बाद व्हायला! मी बाद झालो, आमचा गडी पुढे गेला, पुढच्याने फटका मारला, सामना जिंकलो. तो सामना कुणाच्या खात्यात गेला?”

विल्किनने डोकं खाजवलं. “फटका मारणाऱ्याच्या, बहुतेक. तुमचा तो... त्याला फारसं काही मिळत नाही. हल्ली तर म्हणतात, ठेवणं हीच चूक असते. बाद होणं म्हणजे नुकसानच.”

“पण मला सांगितलं होतं ठेव म्हणून!”

“हो काका. पण कुणी सांगितलं होतं ते आकड्याला कसं कळणार?”

“मग त्या व्यवस्थापकाला किती उणे आहे ते बघ!”

“व्यवस्थापकाचा नाही निघत.”

तेओदुलोने बाजूचा रिकामा क्रेट लाथाडला. दुखऱ्या पायाने. मग क्रेटवरच बसला आणि गुडघा धरून बराच वेळ शिव्या देत राहिला, आधी व्यवस्थापकाला, मग मोजणाऱ्यांना, मग स्वतःला. मी एकदा तरी सांगणं मोडून बॅट फिरवायला हवी होती, असं त्याच्या तोंडून निघालं. विल्किन त्याच्याजवळ बसून राहिला. त्याला वाईट वाटलं असावं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याही तोंडात उणेएकच होतं. गल्लीत दुसरं नाव चालत तरी कुठे होतं?

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात अर्धं गाव समुद्रावर गेलं. भर दुपारी वीज गेली. उसाची वाळलेली पानं कुणीतरी जाळली होती, तो धूर घरात शिरला आणि मिर्ताचा श्वास अडकला. वाफेचं यंत्र विजेवर चालणारं, ते बंद. फवाऱ्याची बाटली हलवून बघितली तर रिकामी. तेओदुलोने औषधाच्या दुकानात फोन केला. पोरगा मोटरसायकलवरून पाठवतो म्हणाले. तिला सोडून बाहेर जाता येईना. ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गादी दाबत होती आणि प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

फोन वाजला. “औषधवाला बोलतोय. मी पोलोच्या दुकानापाशी आहे. कुठलं घर?”

“तेओदुलो पारेदेसचं. विचार तिथे कुणालाही.”

मागे डोमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज आला. पोलो बाजारात गेला होता, पण बाकीचे होते. “तेओदुलो?” हा कढईचाच आवाज. “असला कुणी नाही बाबा इथे. चर्चच्या मागे विचार.”

“कढई! अरे गाढवा!” तेओदुलो फोनमध्ये ओरडला, पण पोरगा गाडीला लाथ मारून निघाला होता. त्याने परत फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

“आजोबा, चर्चच्या मागे कुणी ओळखत नाही तुम्हाला.”

“पोलोच्या दुकानापाशी परत जा. म्हणावं, मोठीलीगचं घर.”

हे त्याला आधीच सुचायला हवं होतं. तो मिर्ताची पाठ चोळत राहिला. तिचे ओठ पांढरे पडत होते. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला, दारावरून पुढे गेला आणि मागच्या गल्लीकडे वळला. फोन.

“आजोबा, मी मोठीलीगच्या घरी आलोय. नवी गाडी उभी आहे तेच ना? त्याची आई म्हणते, आम्ही औषध मागवलंच नाही.”

“तो नाही रे! तो नाही! मी... मी त्याच्या आधीचा...”

“मग कोण? मला आणखी चार ठिकाणी जायचंय.”

मिर्ताने त्याचा दंड धरला. बोटं रुतली. तिला काही बोलायचं होतं, पण शब्द येत नव्हता, नुसती शिट्टी. तेओदुलोने डोळे मिटले.

“उणेएक,” तो म्हणाला.

“काय?”

“उणेएकचं घर! उणेएक! उणेएक म्हणून विचार, मेल्या, आणि लवकर ये!”

“अहो, मग आधीच नाही का सांगायचं!” पोरगा म्हणाला. “निळ्या फाटकाचं ना? आलोच.”

खरोखरच आला. त्याला कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. तो पलीकडच्या गावचा होता, तरी त्याला माहीत होतं. तेओदुलोने बाटली त्याच्या हातातून हिसकली, मिर्ताच्या तोंडाला लावली. एकदा. थांबून पुन्हा एकदा. हळूहळू तिचे खांदे खाली आले. शिट्टी बारीक झाली. मग तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि तिचं अंग हलायला लागलं. तो घाबरला, पुन्हा अटॅक आला असं वाटलं. पण ती हसत होती.

“किती ओरडलास,” ती म्हणाली. “समुद्रावर ऐकू गेलं असेल.”

“हसू नकोस. आधी श्वास घे.”

“घेतेय.”

तो तरातरा ओट्यावर आला. त्याला कुणावर तरी संतापायचं होतं, पण समोर कुणी नव्हतं. ऊन होतं, धूर होता. पोलो बाजारातून येत होता. हातात केळ्यांचा घड, मागून कढई धापा टाकत, टोपी हातात घेऊन. कोपऱ्यावर त्यांना सगळं कळलं असावं.

“उणेएक!” कढईने लांबूनच हाक मारली. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, घाबरलेला होता बिचारा. “वहिनी कशी आहे?”

“बरी आहे,” तेओदुलो म्हणाला. “आत या.”

ते आत शिरले, मिर्तापाशी बसले, आणि तेओदुलो कॉफी ठेवायला मागे गेला. चूल पेटवताना त्याच्या ध्यानात आलं की आपण त्या नावाला ओ दिली. हातातली काडी विझली. त्याने दुसरी ओढली, तीही विझली, तेव्हा त्याने एक मोठी शिवी दिली.