गेनूतात्यांचा दाखला

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, शाळेतल्या एकाही बाईला नाही. तुम्हाला सांगते, कारण कुणाला तरी सांगायचं तर आत्ताच — आणखी थांबले तर मी ते स्वतःच्या सोयीने बदलून टाकीन. थोडं बदललंही असेल. पन्नाशी ओलांडली आहे माझी. लोक मला स्पष्ट बोलणारी बाई म्हणतात. ते ऐकलं की मी दुसरा विषय काढते.

सांगवीच्या शाळेत होते तेव्हाची गोष्ट. सांगवी तेव्हा नदीकाठचं खेडंच होतं. अर्ध्या घरांतली पुरुषमाणसं खडकीला लष्करी कारखान्यात हमालीला जात आणि पेन्शनीत निघाली की पारावर बसून राहत. सरकारने प्रौढांचे साक्षरता वर्ग काढले. हेडमास्तरांनी या म्हाताऱ्यांचा वर्ग माझ्याकडे दिला. शाळा सुटल्यावर, शाळेच्याच पडवीत. चौदाजण. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून बसायचे, पाटी मांडीवर.

वात्रट होते सगळे. "बाई, छडी मारायची तर हळू मारा, हाडं सरकारी न्हाईत आता," असं म्हणायचे. कुणी उशिरा आला की दुसरा ओरडायचा, "का रं, आईनं न्हाऊ घातलं न्हाई व्हय येळंवर?" मला मजा यायची. हेही सांगायला हवं — तो वर्ग मला आवडत होता. नावडता असता तर कदाचित मी नीट शिकवलं असतं.

गेनूतात्या सगळ्यांत मोठे. घरात एकटी लेक, हौसा. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, ती तिथेच राहिली. नदीलगतच्या तुकड्यात वांगी, मेथी, कोथिंबीर काढायची आणि डोक्यावर पाटी घेऊन खडकीच्या बाजारात जायची. तो तुकडा तिच्या नावावर करायचा, एवढ्यासाठी तात्या वर्गात बसले. त्यांचं गणित साधं होतं. "अंगठ्याचा कागद कुणीबी फिरवतंय, बाई. सहीचा फिरवाय येत न्हाई." मी मान डोलवली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

सहा महिन्यांनी तपासनीस येणार असं कळलं. चौदापैकी तिघे जेमतेम वाचत होते. बाकीच्यांना स्वतःचं नाव काढता येई — लिहिता नव्हे, काढता, रांगोळी काढतात तसं. म्हातारे डोळे, चष्मे नाहीत, पडवीत उजेड कमी. पण मी कारणं सांगायला बसलेली नाही. मला दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळायची होती आणि त्यासाठी माझ्या वर्गाचा निकाल चांगला दिसायला हवा होता. काय केलं मी? पुस्तकातलं एक पान चौदाजणांकडून पाठ करून घेतलं. आणि पाठ म्हणताना ओळीखालून बोट कसं सरकवायचं, ओळ संपली की बोट कुठे न्यायचं, मध्येच थोडं कसं अडखळायचं — तेही शिकवलं. अडखळणं तात्यांना फार छान जमायचं.

तपासनीस खूश झाले. चौदाही पास. प्रत्येकाला साक्षरतेचा दाखला मिळाला, खाली माझी सही. तात्यांनी तो काच लावून देवांच्या शेजारी टांगला. वर्ग बंद झाला. शिकून झालेल्यांना कोण शिकवणार?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, असं तर किती मास्तरांनी केलं असेल. केलं असेल. पुढचं मी एकटीने केलं.

वर्षभराने तात्यांचा पुतण्या आला. बोलायला गोड. म्हणाला, तात्या हौसाचं नाव लावायचा कागद करतायत, पुण्याला कचेरीत ओळखीला साक्षीदार लागतो, बाईंसारखं माणूस असलं तर बरं. मी गेले. दापोडीहून गाडीने गेलो आम्ही. तात्या धुतलेला फेटा बांधून आले होते. वाटेत मला म्हणाले, "पोरीला सांगितलं न्हाई अजून. कागदच दावतो घरी गेल्याव."

कारकुनाने विचारलं, "आजोबा, अंगठा की सही?"

"सही! ह्या आमच्या बाई. यांनीच शिकीवली."

मग तो कारकून माझ्याकडे बघून सहज म्हणाला — सहजच, त्याला काय माहीत — "बरं झालं. अंगठेवाल्यांना सगळा कागद वाचून दाखवावा लागतो, घसा बसतो. हे वाचतात ना?"

कागद माझ्या समोरच होता. पहिल्या ओळीत बक्षीसपत्र. दुसऱ्या ओळीत पुतण्याचं नाव. हौसाचं नाव कुठेच नव्हतं. मी दोनदा पाहिलं. माझी नजर चांगली आहे, आजही.

काय बोलायचं होतं मला? "नाही, वाचत नाहीत. तुम्ही वाचून दाखवा." एवढंच. मग कुणीतरी विचारलं असतं, दाखला कसा मिळाला? सही कुणाची? बाकीच्या तेरा जणांचं काय?

मी म्हटलं, "साक्षर आहेत."

"मग एकदा वाचून घ्या, आजोबा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन अशी ते वाट पाहत होते की माझी लाज राखायचं ठरवत होते, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. ओळीखालून बोट सरकवलं. ओळ संपली की खाली आणलं. ओठ हलवले. मध्ये एकदा अडखळलेही. मग म्हणाले, "बरूबर हाय."

त्यांनी नाव काढलं. खाली मी सही केली.

पुढच्या हंगामात पुतण्याने तुकड्यात नांगर घातला. तात्या कागद घेऊन माझ्या दारात आले. बसले नाहीत. "बाई, ह्यात काय लिवलंय? मला वाचाय येईना झालंय. येत हुतं ना मला?" मी त्यांना वाचून दाखवलं, अगदी सगळं. आणि वर म्हटलं, "वय झालं की विसरायला होतं, तात्या." त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "माझीच चूक. शिकलेलं ठेवलं न्हाई मी." आणि पायऱ्या उतरून गेले.

हौसाने वेगळाच अर्थ लावला. बाप शिकलेला आहे, सरकारी दाखला घरात लटकतो आहे, कचेरीत त्याने कागद वाचून सही केली, हे पुतण्या गावभर सांगत होता. म्हणजे समजून-उमजून दिलं. लेकीपेक्षा पुतण्या जवळचा, घराण्याचं नाव चालवणारा. तात्या म्हणत राहिले की मला कळलं नाही. ती म्हणायची, "मग वाचलंस काय, माझं नशीब?"

एक दिवस ती माझ्याकडे आली. बोचकं बांधलेलं होतं, पिंपरीला कुणा ओळखीच्यांकडे कामाला निघाली होती. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, एकच इचारते. तुमी खरं सांगशिला. तात्याला वाचाय येत हुतं का?"

माझ्या हातात मुलांच्या वह्या होत्या. नव्या शाळेचा हुकूम आठ दिवसांपूर्वीच आला होता.

मी म्हटलं, "येत होतं."

"बरं," म्हणाली. बोचकं उचललं आणि गेली. घराकडे वळलीदेखील नाही.

तात्या त्यानंतर दोन वर्षं जगले. शेजारणी भाकरी देत. हौसाला निरोप गेले, आजारपणाचा गेला, शेवटचाही गेला. ती आली नाही. तिला दोष देणारे अजून आहेत, आणि त्यांच्यात बसून मी चहा प्यायले आहे.

गेनूतात्यांना वाचता येत नव्हतं. एक अक्षरही नाही. मला माहीत होतं.